आला तसा पाठवला

आत्याचा मेसेज दुपारी अडीचला आला. म्हणजे तिची भांडी आवरली होती आणि डोळा लागायला अजून पाच मिनिटं होती. लांबलचक मजकूर, वर दोन गुलाब, खाली जोडलेले हात आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरात 'व. पु. काळे'. पाठोपाठ तिचा आवाज आला. "वाच गं नीट. अगदी आपल्या दादासारखं लिहिलंय बघ. असं लिहायला शिक."

मी वाचलं. एस.टी.त कंडक्टर असलेल्या बापावरचा लेख होता. आत्याचा दादा म्हणजे माझे बाबा, आणि लेख माझा होता.

फोन केला. "आत्या, हे मी लिहिलंय. बाबांच्या वर्षश्राद्धाला फेसबुकवर टाकलं होतं."

"आगं, खाली नाव हाय की वपुंचं."

"ते कुणीतरी घातलंय."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग लहान मुलीची समजूत काढावी तशी म्हणाली, "असू दे. त्यांनी बी वाचलं असंल तुझं."

व. पु. काळे गेले २००१ साली. पु. ल. देशपांडे त्याच्या आदल्या वर्षी. व्हॉट्सॲप निघालं २००९ मध्ये. या हिशेबाने पाहिलं तर आपले हे दोन लेखक हयातीत जेवढे लिहीत होते त्याहून जास्त ते गेल्यावर लिहू लागले आहेत, आणि तेही बहुतेक सकाळी सहा ते आठ या वेळात. माझा लेख त्यांच्या रांगेत जाऊन बसला म्हणून आधी मला चक्क आनंद झाला. राग आला तो चहा झाल्यावर.

लेख बाबांच्या वहीबद्दल होता. बाबा सांगली डेपोला. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली, हे ते घरातल्या कुणाचा वाढदिवस सांगावा तसं सांगायचे. मशिनं येण्याआधीचे ते दिवस. पत्र्याच्या ट्रेमध्ये तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच, खांद्याला चामड्याची बॅग. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे राहिलेले पैसे लिहून द्यायचे, उतरताना घ्या म्हणायचे. निम्मे लोक विसरून उतरायचे. बॅगेत हिशेबापेक्षा जास्त पैसे दिसले तर तपासणीवाल्यांना उत्तर द्यावं लागतं; पण बाबांना त्याहून मोठी धास्ती त्या विसरलेल्या माणसांची. खिशात एक छोटी तपकिरी वही असायची, तिच्यात ते लिहून ठेवत. नावं कुठली माहीत असणार? म्हणून खुणा. 'काळी छत्री, मणेराजुरी, ३ रु.' 'निळा टॉवेल, शेळी बरोबर, २ रु.' 'नवी नवरी, दीड रु.' पुन्हा त्या मार्गावर ड्यूटी लागली की बाबा छत्री शोधत. पैसे दिले की वहीत आडवी रेघ. ते गेले तेव्हा त्या वहीत रेघ न मारलेल्या सतरा ओळी होत्या. लेख एवढाच, सहाशे शब्दांचा.

तो मी रडत रडत लिहिला हे खरं. आणि टाकल्यावर चौथ्या मिनिटाला लाइक किती आले ते बघत होते, हेही तितकंच खरं. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध होतं. ओट्यावर खिरीचं पातेलं आणि त्याच्या शेजारी फोन. फोटोला हार घालून मागे सरकले तेव्हा माझ्या डोक्यात जो आकडा होता तो बाबांच्या वयाचा नव्हता, एकशे चाळीस हा होता. दुपारी भटजी निघाले तेव्हा तीनशे बारा. एका जुन्या ओळखीच्या बाईने नुसता अंगठा दिला होता, बाकीच्यांनी रडणारे चेहरे दिले होते, तर त्या बाईचा मला संध्याकाळपर्यंत राग आला होता. बाप गेल्याचं दुःख आणि लाइक मोजणं ही दोन कामं एकाच वेळी करता येतात हे मला त्या दिवशी कळलं. कुणी सांगितलं असतं तर खरं मानलं नसतं.

हे लाइकचं बटन फेसबुकवर आलं २००९ साली. त्याआधी लोक एकमेकांचं लिहिलेलं वाचून काय करत होते ते आठवून पाहिलं. ऑर्कुटवर स्क्रॅप लिहायचो, 'kashi aahes' याच थाटात, मराठी पण रोमन लिपीत, आणि तेवढ्यावर भागायचं. मग टायपिंगला देवनागरी आली, फोनमध्ये मराठी कीबोर्ड आला आणि माझ्यासारख्या कितीतरी बायका पहिल्यांदा स्वतःच्या लिपीत, कुणाला न विचारता, लिहायला लागल्या. मासिकाला पाठवायचं, साभार परत यायचं, ते पाकीट नवऱ्याच्या हातात पडायचं, हे सगळं एका झटक्यात गेलं. हे मी विसरू शकत नाही. या सगळ्याला शिव्या घालायच्या ठरवलं की नेमकं हेच आठवतं आणि शिवी अर्धी राहते.

तर, राग आला आणि मी चोर शोधायला निघाले.

आत्याला विचारलं, कुठून आला? तिच्या भिशीच्या ग्रुपवरून. त्या ग्रुपवर ज्या बाईंनी टाकला होता त्यांचा नंबर घेतला. बाई फार सज्जन. म्हणाल्या, "माझ्या जावेने पाठवला, मला पण आलेलाच होता हो." जाऊबाई इचलकरंजीला. त्यांनाही आलेलाच होता. चौथ्या फोनला एक रिटायर्ड मुख्याध्यापक लागले. त्यांनी मला खडसावलं, "वपुंच्या लेखावर हक्क सांगता? काही लाज?" मी म्हटलं, सर, त्यात सांगली डेपो आहे, मणेराजुरी आहे, वपु मुंबईचे. ते म्हणाले, "लेखकाला कल्पनाशक्ती असते."

यंत्रणा साधीच आहे, पण ती माझ्या लक्षात यायला हे चार फोन लागले. फेसबुकवर कुणी 'शेअर' केलं तर मूळ पोस्ट नावासकट जाते. पण मजकूर तेवढा निवडून, उचलून व्हॉट्सॲपवर डकवला की नाव मागेच राहतं, कारण नाव मजकुरात नसतंच, ते वर असतं, फोटोशेजारी. पहिल्या माणसाने चोरी केलीच असेल असं नाही. त्याला आवडलं, त्याने उचललं. दुसऱ्याला निनावी मजकूर बोडका वाटला, त्याने 'लेखक : अनामिक' जोडलं. तिसऱ्याला वाटलं, एवढं चांगलं अनामिक कसं लिहील? वपुच असणार. म्हणजे ती चूकही एका परीने कौतुकच. आणि हा सगळा प्रवास कुठेही नोंदलेला नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत, खुद्द कंपनीलाही नाही. आमच्या खासगी गप्पांची मला काळजी असल्यामुळे हे मला मान्यच आहे. फक्त त्या कुलपाच्या आत माझा लेखही हरवला.

शोध तिथेच सोडला. दर दोन-तीन महिन्यांनी लेख कुठून तरी भेटायचा. कधी वपु, कधी अनामिक. एकदा एका पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने आला, ती मजा वेगळीच. भेटेल तेव्हा जरा बदललेला असायचा. तपकिरी वही लाल झाली. शेळी गेली. शाळेत माझी एक सहकारी म्हणाली, "अगं, हे लोकगीतासारखं झालं की." तिने सहज म्हटलं, पण ते माझ्या डोक्यात रुतून बसलं.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. पहिली माझी ओवी गं, अशी सुरुवात, मग देव, मग आई-बाप, मग भाऊ. भाऊ फार. ओवी कुणाची, हे तिला विचारलं तर प्रश्नच कळायचा नाही. तिच्या आईने म्हटली, तिने म्हटली. गाव बदललं की ओवीतलं गाव बदलायचं, भाऊ बदलला की नाव बदलायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून काम सुरू करून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या कितीतरी 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, आणि प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, कित्येकदा फोटोही. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी दोनपर्यंत ऐकत बसले. जिचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठे लिहिलं गेलं नसेल अशा बाईचं नाव तिथे तिच्या ओवीखाली आहे. माझं नाव इंटरनेटने घालवलं आणि त्यांचं नाव त्याच इंटरनेटने लावलं. आजीचा आवाज मात्र तिथे नाही. आमच्या गावापर्यंत कुणी आलं नव्हतं.

त्या रात्री मी बऱ्यापैकी शांत झाले होते. म्हटलं, ठीक आहे, आपणही एक ओवी केली म्हणायची. लोकांनी घेतली. असा विचार करायला बरा वाटतो. मोठं मन असल्यासारखं वाटतं.

ते फार टिकलं नाही.

जून २०१८. आमच्या 'माहेरची माणसं' या ग्रुपवर मामांनी एक निरोप टाकला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, भिकाऱ्यांच्या वेशात फिरते आहे, पोरांना एकटं सोडू नका. खाली लिहिलं होतं, 'आला तसा पाठवला, काळजी घ्या.' वाचताक्षणी मला तो खोटा वाटला. असले निरोप मी शाळेत मुलांना वाचून दाखवते, यात तारीख नाही, गाव नाही, सांगणाऱ्याचं नाव नाही, हे ओळखायला शिकवते. पण ग्रुपवर मोठे मामा. त्यांना सगळ्यांदेखत कोण सांगणार? दोन मावश्यांनी हात जोडले, एका भाच्याने 'पुढे पाठवतो' लिहिलं. मी काही लिहिलं नाही. वाचलं आणि खाली सरकले. खाली कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे फोटो होते.

१ जुलैला रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. तिथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जण आले होते. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

डवरी गोसावी माझ्या लहानपणी दारात यायचे. डौर वाजवायचे, गाणं म्हणायचे, आजी सुपातून जोंधळे आणून झोळीत घालायची आणि वर एखादं कडवं पुन्हा म्हणायला लावायची. ती गाणी कुणी रचली ते त्यांनाही माहीत नसायचं. त्यांना ती आली होती, ते पुढे नेत होते. आणि त्यांना ज्या निरोपाने मारलं तोही तसाच. रचणारा कोण ते माहीत नाही, गावागावाला थोडा बदललेला, प्रत्येकाला कुणाकडून तरी आलेला, प्रत्येकाने पुढे दिलेला. मी ज्याला ओवी म्हणून गोंजारत होते तोच हा रस्ता. त्या दिवसानंतर 'लोकगीतासारखं' हा शब्द मला नीट उच्चारता आलेला नाही.

मी मामांना फोन केला. या वेळी भीड ठेवली नाही. ते खूप वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मला पण आलेला गं."

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या निरोपांवर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. दोन वर्षांनी, करोनाच्या काळात, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. आता दोन बाणांची खूण दिसली की कळतं, हा पुष्कळ हिंडून आलाय. कुठून, ते कळत नाही.

मी ग्रुप सोडला. तेव्हा गुपचूप सोडायची सोय नव्हती. सोडलं की सगळ्यांना दवंडी पिटल्यासारखं दिसायचं. आईचा लगेच फोन, "तुझं कुणाशी वाजलंय का?" अकरा दिवस बाहेर होते. बाराव्या दिवशी आत आले, आणि आत येण्याचं कारण तत्त्वाचं वगैरे नव्हतं. मावसबहिणीला मुलगी झाली होती आणि फोटो सगळ्यांना दिसला होता, मला नव्हता.

तसाच आमचा दहावीचा ग्रुप. १९८९ ची बॅच. मुलगे सगळे आधीच एकमेकांना सापडलेले होते. मुली सापडत नव्हत्या, कारण मुलींची आडनावं गेली होती. काहींची तर नावंही बदललेली, सासरी तांदळात लिहिलेली. नाव-आडनाव टाकून शोधायला गेलं की मी जिला शोधत होते ती मुलगी जगात नव्हतीच. मग कुणीतरी फेसबुकवर स्वतःच्या नावात माहेरचं आडनाव मध्ये घातलं. ते बघून दुसरीने घातलं. चार महिन्यांत एकोणीस जणी सापडल्या. एक तर मिरजेतच होती, माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर, तीस वर्षं. आम्ही एकाच बाजारात भाजी घेत होतो. तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा आम्ही लक्ष्मी मार्केटच्या समोर उभ्या राहून तोंडावर हात ठेवून हसत होतो, आणि भाजीवाली आमच्याकडे बघत होती.

फोन हातातून सुटत नाही हे रडगाणं मी इथे फार गाणार नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. एवढंच नोंदवते की खाली खाली सरकत राहणारं, कधीच न संपणारं पान २००६ साली एझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसाने बनवलं आणि पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. मी कंडक्टरची मुलगी. शेवटचा थांबा नसलेली गाडी ही कल्पनाच मला भीतीदायक वाटायला हवी होती. वाटली नाही. मी रात्री साडेबाराला त्या गाडीत खिडकीशी बसलेली असते.

सांगली जिल्ह्यातच, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास गावातले टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर ओट्यावर बोलायला. साडेआठला पुन्हा भोंगा. बातमी वाचून मी इतकी भारावले की आमच्या घरात हा नियम जाहीर केला. मुलगा हसला. नवरा म्हणाला, भोंगा कोण वाजवणार? आणि आई म्हणाली, "मला नाही जमायचं. आमच्या भजनी मंडळाचं व्हिडिओवर सातलाच असतं." तिचे गुडघे गेल्यापासून ती देवळाच्या पायऱ्या चढलेली नाही. आमचा भोंगा दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी मीच सात वाजून दहा मिनिटांनी मोरीत जाऊन फोन बघितला.

आता गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांचे वडील गेले. आम्ही रक्षाविसर्जनाला गेलो, तासगाव तालुक्यात, येरळेच्या काठी. थंडी होती. माणसं शेकड्याने, बायका एका अंगाला. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला भाषणं होतात. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सरपंच बोलले, प्रत्येकाच्या बोलण्यात पोकळी निर्माण झाली आणि ती न भरून येणारी होती. गेलेले गृहस्थ एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, हे मला तिथे कळलं. मग त्यांचा नातू उभा राहिला. कॉलेजातला पोरगा, डोकं नुकतंच भादरलेलं. खिशातून फोन काढला आणि वाचायला लागला.

'माझ्या आजोबांकडे एक छोटी लाल वही होती.'

मी मान वर केली. शेजारच्या बाईंना वाटलं, मला काहीतरी चावलं.

सगळं माझं होतं आणि नव्हतं. बाबांचे आजोबा झाले होते. डेपो दुसरा. छत्री होती. शेळी परत आली होती, ती कुठून आली कळलं नाही. या आजोबांकडे अशी वही होती की नव्हती, देव जाणे. पण पोरगा वाचताना रडत होता, आणि पुढे बसलेली त्याची आजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, हो, हो, असंच होतं त्यांचं. ती खोटं बोलत नव्हती. मी तिच्याकडे बघत होते. ती ऐकता ऐकता आठवत होती.

उठून सांगावं, हे माझं आहे? येरळेच्या काठी, राखेच्या ढिगापाशी? असा विचार खरंच आला, एक क्षणभर. तो आला याची नोंद असू द्या.

माझा लेख जिथे संपतो, त्या रेघ न मारलेल्या सतरा ओळींपाशी, तिथे पोरगा थांबला नाही. पुढे आणखी एक वाक्य होतं.

'आयुष्यभर लोकांसाठी डबल बेल देत राहिला. स्वतःसाठी एकच दिली आणि उतरला.'

एस.टी.त बसलेल्याला हे सांगायला नको. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोरी ओढणारा कंडक्टर. बाबांनी ती दोरी एकतीस वर्षं ओढली. आणि मला, त्यांच्या मुलीला, सहाशे शब्दांत एकदाही ती आठवली नव्हती. कारण मी बाबांना घरातून पाहिलेलं. मला वही माहीत, शाईने काळी झालेली बोटं माहीत, मुक्कामी गाडीहून सकाळी येऊन पायरीवर बसून बूट सोडणारे बाबा माहीत. बेल गाडीत वाजते. हे वाक्य ज्याने लिहिलं तो गाडीत उभा राहिलेला माणूस असणार. कंडक्टर असेल, ड्रायव्हर असेल, रोज अप-डाउन करणारी एखादी नर्स असेल. त्याने माझा लेख वाचला, शेवट त्याला अपुरा वाटला, त्याने तो पुरा केला आणि पुढे पाठवला. स्वतःचं नाव त्यानेही घातलं नाही.

कार्य आटोपल्यावर मी त्या मुलाला गाठलं. छान वाचलंस म्हटलं. तो लाजला. "माझं नाही काकू, आलेलं होतं. पाठवू तुम्हाला?"

"पाठव," मी म्हटलं.

आणि माझा लेख माझ्या फोनवर आला, दोन बाणांची खूण घेऊन.

मी पुन्हा फोन करायला लागले. या वेळी चोर शोधत नव्हते. मुलाला मावसभावाने पाठवला होता, त्याला निवृत्त एस.टी. कर्मचाऱ्यांच्या एका ग्रुपवरून आलेला, तिथे टाकला होता पंढरपूरच्या एका मेकॅनिकने. मेकॅनिक आनंदाने बोलले. वाक्य त्यांनाही फार आवडलेलं, पाठ होतं. मी विचारलं, तुम्ही जोडलंत का? म्हणाले, "नाही बाई, आपल्याला कुठं एवढं येतंय. मला पण आलेलं." तिथून पुढे अकलूज, तिथून एक बंद पडलेला नंबर.

बाबा असते तर वहीत लिहिलं असतं. खूण काय लिहिली असती ते मात्र मला सांगता येत नाही. ना छत्री, ना टॉवेल.

या वर्षी एका दिवाळी अंकाने तो लेख मागितला. संपादक म्हणाले, व्हॉट्सॲपवर फिरतोय तो तुमचाच ना, मूळ प्रत पाठवा, नावासकट छापू, एकदाचं लोकांना कळू दे. मला किती बरं वाटलं ते लिहिण्यात अर्थ नाही. फाइल उघडली. सतरा ओळींपाशी लेख संपत होता आणि तो शेवट आता मलाच अपुरा वाटत होता. मी ते वाक्य खाली टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं. 'राहिला'चं 'राहिले' केलं, 'उतरला'चं 'उतरले', कारण मी बाबांना अरे-तुरे करत नाही. म्हणजे मीही जाता जाता थोडं बदललंच. शीर्षकाखाली माझं नाव होतं. पाठवून दिला.

आज दुपारी संपादकांचा निरोप आला. 'लेख उत्तम. शेवटचं वाक्य तर कमाल आहे. पूर्वी फेसबुकवर वाचलं होतं त्यात हे नव्हतं बहुतेक. नवं सुचलं का?'

तो मी उघडला, त्याला आता चार तास झाले. तिकडे त्यांना दोन निळ्या टिका दिसत असणार. आणि त्यांच्या स्क्रीनवर माझ्या नावाखाली 'टायपिंग' असं मधूनमधून येऊन जात असणार.